आयुष्यभराचे तेल

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मावसभावाबरोबर पर्वरीच्या एका गॅरेजात जाण्याचा योग आला. योग कसला, त्याला सोबत हवी होती. गॅरेजच्या मागच्या बाजूला फणसाच्या झाडाखाली त्याची गाडी उभी होती. टपावर पाने पडलेली, काचेवर चिकाचे डाग. गाडी साधीसुधी नव्हे. १९९९ सालची, परदेशी बनावटीची, आत लाकडी पट्ट्या आणि चामड्याच्या खुर्च्या असलेली. (कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे सांगायचे आहे ते एका कंपनीपुरते नाही.) भावाच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या भाईकाकांनी, ती सेकंडहँड घेतली होती आणि शेवटपर्यंत स्वतः चालवली. भाईकाका जाऊन चार वर्षे झाली. घरात आता दुसरी गाडी आहे, पण ही विकायला मावशी तयार नाही.

बिघाड होता गिअरबॉक्सचा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दांडी 'डी'वर टाकली की आधी काहीच व्हायचे नाही, मग एकदम धक्का बसून गाडी पुढे जायची. पर्वरीच्या चढावर तर इंजिन ओरडायचे आणि गाडी मात्र गोगलगायीसारखी. शेवटी एक दिवस ती चढलीच नाही.

गॅरेजवाल्याला भाऊ मेस्त म्हणतो, म्हणून मीही मेस्तच म्हणतो. मी विचारले, "मेस्ता, यातले तेल शेवटचे कधी बदलले होते?" तो हसला. म्हणाला, "बाब, हें उगडपाचें न्हय, अशें कंपनी म्हणटा." गाडीच्या पुस्तकात तसेच लिहिले होते. गिअरबॉक्समध्ये 'लाईफटाईम' तेल भरलेले आहे, बदलण्याची गरज नाही. तेल किती आहे ते बघायची पट्टीसुद्धा दिलेली नाही. म्हणजे पंचवीस वर्षे आत काय चालले आहे ते ना भाईकाकांनी पाहिले, ना आणखी कोणी.

आम्हा कारकुनांना अशा फाईली ठाऊक आहेत. 'पुन्हा उघडू नये' असा शेरा मारून कपाटात टाकलेल्या. त्या उघडाव्या लागतातच, फक्त तोवर आतल्या कागदांना वाळवी लागलेली असते.

गाडीची आजची किंमत दोन लाखसुद्धा येणार नाही आणि गिअरबॉक्सच्या कामाचा अंदाज त्याहून जास्त. भाऊ माझ्याकडे बघत राहिला. मी कलाशाखेचा पदवीधर, मला यातले काय कळणार? पण 'लाईफटाईम' हा शब्द डोक्यातून जाईना. लाईफ कोणाची? गाडीची, मालकाची की वॉरंटीची? त्या दिवसापासून या विषयावर मिळेल ते वाचत गेलो आणि एक भलतीच मजेदार कहाणी हाताला लागली. ती इथे सांगतो.

सुरुवात मोटारीपासून होत नाही, जहाजापासून होते. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतल्या श्टेटिनच्या गोदीत हरमान फ्योटिंगर नावाचा इंजिनिअर होता. (श्टेटिन आज पोलंडमध्ये आहे.) वाफेचे टर्बाइन फिरते फार वेगाने आणि जहाजाचा पंखा तितक्या वेगाने फिरवून चालत नाही. मधे दातेरी चाके घालावीत तर त्या काळी ती इतका जोर सहन करीत नसत. फ्योटिंगरने १९०५ च्या सुमारास युक्ती काढली की मधे लोखंडाऐवजी पातळ पदार्थच घालायचा. समोरासमोर दोन टेबलफॅन ठेवा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही फिरू लागतात. हवेच्या जागी तेल घाला आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात कोंबा, झाले फ्योटिंगरचे यंत्र. दोन्हीत कुठेही लोखंडाला लोखंड लागत नाही, तरी जोर पोचतो. १९३० साली इंग्लंडच्या डेमलर कंपनीने हीच कल्पना 'फ्लुईड फ्लायव्हील' म्हणून आपल्या भारी गाड्यांत आणली.

त्या काळी गिअर बदलणे हे कौशल्याचे काम होते. क्लच दोनदा दाबा, इंजिनचा वेग जुळवा, मग दांडी सरकवा, नाहीतर दात कराकरा वाजणार. अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये अर्ल थॉम्पसन याने यावर पहिला उपाय दिला. त्याचा सिंक्रोमेश गिअरबॉक्स १९२८ साली कॅडिलॅकमध्ये आला आणि कराकरा थांबली. मग थॉम्पसनच्या हाताखालच्या मंडळींनी क्लचचे पायडलच काढून टाकायचे मनावर घेतले. त्यातून १९३९ साली, १९४० च्या मॉडेलसाठी, ओल्ड्समोबिल गाडीत 'हायड्रामॅटिक' आला. जादा किंमत ५७ डॉलर. मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला हा पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. १९४१ पासून कॅडिलॅकलाही तो मिळू लागला आणि महायुद्धात अमेरिकेच्या एम-५ जातीच्या हलक्या रणगाड्यांत कॅडिलॅकच्या दोन इंजिनांबरोबर दोन हायड्रामॅटिक बसवले गेले.

याच्या पोटात काय असते ते थोडक्यात सांगतो, कारण पुढे मेस्ताच्या टेबलावर तेच मांडलेले दिसणार आहे. पुढच्या तोंडाला तेलाचे ते दोन पंखे. (पुढच्या काळात त्यांच्या मधे तिसरे चाक आले आणि त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणू लागले.) त्यामागे दातेरी चाकांच्या ग्रहमाला: मधे एक सूर्यचाक, त्याच्याभोवती फिरणारी लहान ग्रहचाके आणि सगळ्यांना वेढणारे आतून दाते असलेले कडे. यातले कोणते चाक धरून ठेवायचे आणि कोणते सोडायचे, यावर गिअर ठरतो. धरून ठेवायला पोलादी पट्टे आणि क्लचप्लेटांचे गठ्ठे. आणि ते धरायचे की सोडायचे हे सांगायला तेलाच्या दाबावर चालणारा झडपांचा एक ठोकळा, व्हॉल्व्ह बॉडी. तो उघडला की आमच्याकडच्या जुन्या चौसोपी घराचा नकाशाच दिसतो. बोळ, आडबोळ, कोपऱ्यात लपलेल्या खोल्या आणि त्यांच्यामधून फिरणारे तेल. संगणक येण्याआधी हा ठोकळाच गाडीचा मेंदू होता. एखाद्या बोळात बारीकशी घाण अडकली तरी गिअर चुकतो.

म्हणजे तेल इथे वंगण तर आहेच, शिवाय तेच जोर पोचवते, तेच निरोप नेते आणि तेच उष्णता वाहून नेते. त्यामुळे हायड्रामॅटिकचे तेल वेळोवेळी बदलायचे, पट्टे आवळायचे, खोलायची वेळ आली तर कोणता भाग आधी आणि कोणता नंतर काढायचा, हे सगळे कंपनी जाडजूड पुस्तक छापून मेकॅनिकांना देत असे. यंत्र गुंतागुंतीचे होते. पण ते कधीतरी कोणीतरी उघडणार, हे बनवणाऱ्यांनी धरलेलेच होते.

आता एक आग. १२ ऑगस्ट १९५३. मिशिगन राज्यातल्या लिव्होनिया गावी जनरल मोटर्सचा अवाढव्य कारखाना होता, सगळे हायड्रामॅटिक तिथेच बनत. छताजवळ गॅसने लोखंड कापण्याचे काम चालू होते. ठिणग्या खाली उडाल्या आणि गंजरोधक द्रव साठलेल्या एका पन्हाळीने पेट घेतला. छत पोलादी पत्र्याचे, पण त्यावर डांबराचा थर. उष्णतेने डांबर वितळून पत्र्याच्या फटींतून आतच टपकू लागले आणि आग छताखालून धावत सुटली. माणसेही मेली. दिवस संपेपर्यंत जवळजवळ सगळा कारखाना जमीनदोस्त झाला होता. अमेरिकेतल्या उद्योगांच्या इतिहासात तोवर एवढे नुकसान कोणत्याही आगीने केले नव्हते. कारखान्यांची छते कशी बांधावीत याचे नियम या आगीनंतर बदलले.

दुसऱ्या दिवशी कॅडिलॅकपुढे प्रश्न असा की गाड्या तयार आहेत, गिऱ्हाईक दारात उभे आहे आणि गिअरबॉक्स नाही. एकट्या कॅडिलॅकचा नव्हे. जनरल मोटर्सचा प्रतिस्पर्धी फोर्ड, त्याची सगळ्यात भारी गाडी लिंकन, तीसुद्धा १९४९ पासून हायड्रामॅटिकच विकत घेत होती. बाहेरच्या काही कंपन्या बोर्ग-वॉर्नरच्या गिअरबॉक्सकडे धावल्या. कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिलने भावकीतल्या ब्युइककडून 'डायनाफ्लो' उसना आणला. डायनाफ्लो अगदी मऊ चालणारा, पण आळशी. कॅडिलॅकच्या श्रीमंत गिऱ्हाइकांनी तोही घेतला. १९५३ च्या अशा हजारो कॅडिलॅक डायनाफ्लो घेऊन बाहेर पडल्या आणि आज त्या वर्षाची गाडी दुरुस्तीला आली की आधी खाली वाकून बघतात, आत नेमका कोणता बॉक्स आहे.

इकडे जनरल मोटर्सने जवळचाच विलो रन कारखाना ताब्यात घेतला. युद्धात फोर्डने जिथे बी-२४ बॉम्बर विमाने बनवली, तीच ही जागा. लिव्होनियाच्या राखेतून जी यंत्रे वाचली ती धुऊन पुसून तिथे नेली आणि तीन महिन्यांच्या आत हायड्रामॅटिक पुन्हा बनू लागले. मला या सगळ्यात विशेष वाटते ते हे की एका गाडीत दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स बसवणे, ज्याला आपण आज गॅरेजमधला जुगाड म्हणू, ते खुद्द कॅडिलॅकने कारखान्यात केले आणि ते लाजिरवाणे कोणाला वाटले नाही.

दुसरी गोष्ट रोल्स-रॉईसची. 'जगातली सर्वोत्तम मोटार' असे स्वतःला म्हणवणाऱ्या या कंपनीने १९५२ पासून आपल्या बेंटली आर टाईप गाडीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला, तो कुणाचा? अमेरिकेचाच, हायड्रामॅटिक! आधी आयता आणला आणि मग परवाना घेऊन क्रू येथील आपल्याच कारखान्यात बनवला. १९५५ च्या सिल्व्हर क्लाऊडला तो नेहमीचाच झाला. त्यांनी त्यात एक आपली भर घातली. त्यांच्या गाड्यांचे ब्रेक गिअरबॉक्सच्या जोरावर चालणाऱ्या यांत्रिक सर्व्होने लागत, तो जोडायची सोय मागच्या बाजूला केली.

यावर एक आख्यायिका मोटारवाल्यांत फार लाडकी आहे. क्रूच्या कारागिरांनी अमेरिकन बॉक्स उघडला तेव्हा आतला एक भाग त्यांना खडबडीत दिसला. अमेरिकन लोक असेच, म्हणून त्यांनी तो घासून-पुसून आरशासारखा केला. मग गिअर धक्के देऊ लागले. तो खडबडीतपणाच मुळात हवा होता, असे शेवटी कळले. ही गोष्ट खरी की रचलेली यावर वाद आहे. पण क्लचप्लेटांचे घर्षण हीच या यंत्राची जान आहे हे तिच्यातून बरोबर कळते. चकाकी आणि काम यांचा संबंध नसतो, हे सरकारी कचेरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

पुढे १९६५ साली सिल्व्हर शॅडो आली. १९६८ पासून सर्वच शॅडो गाड्यांत जनरल मोटर्सचा नवा तीन गिअरांचा 'टर्बो-हायड्रामॅटिक ४००' बसू लागला. हा बॉक्स १९६४ मध्ये निघालेला आणि मोठा दणकट. कॅडिलॅकमध्ये तो, रोल्स-रॉईसमध्ये तो, १९७६ च्या फेरारी ४०० ऑटोमॅटिकमध्ये तो आणि १९७७ पासून बारा सिलिंडरच्या जॅग्वारमध्येही तोच. एवढ्यावर थांबले नाही. त्याचाच भाऊबंद पुढे अमेरिकन लष्कराच्या हम्व्ही गाडीतही गेला. थोडक्यात, राजवाड्यापुढे उभी असलेली गाडी आणि रणांगणात धूळ खाणारी गाडी यांचे पोट एकच.

याचा फायदा आज पन्नास वर्षांनी दिसतो. जुन्या शॅडोचा रंग, चामडे, हायड्रॉलिक ब्रेक यांच्या दुरुस्तीने मालक कर्जबाजारी होईल. गिअरबॉक्स गेला तर मात्र त्याच्या प्लेटा, सीले, फिल्टर हे सगळे अमेरिकेतल्या ट्रकांसाठीही बनते, म्हणून मिळते, आणि ते खोलून बांधणारी माणसेही सापडतात. शिवाय शॅडोत गिअरची दांडी थेट गिअरबॉक्सला जोडलेली नाही, विजेची छोटी मोटर ते काम करते. कित्येकदा बॉक्स धडधाकट असतो आणि ती मोटरच मान टाकते. आधी तिथे बघायचे, मग बॉक्सला हात घालायचा.

आता तेलाबद्दल, कारण माझा मूळ प्रश्न तेलाचा होता. जनरल मोटर्सने १९४९ मध्ये या तेलाचे प्रमाण ठरवून दिले, 'टाईप ए'. त्यात एक घटक होता स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचे तेल. क्लचप्लेटा एकमेकींना धरताना झटका बसू नये, घसरतही राहू नयेत, असा जो नेमका गुण लागतो तो या माशाच्या तेलात होता आणि उष्णतेने ते लवकर बिघडत नसे. डेट्रॉईटमध्ये गाडी गिअर बदलणार म्हणून महासागरात देवमासा मारला जाणार. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने देवमाशाला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातले, त्याच्या तेलाची आयात बंद केली, आणि तेल कंपन्यांना प्रयोगशाळेत पर्याय शोधावा लागला. १९७३ मध्ये 'डेक्सरॉन-२' आले. पहिल्या खेपेच्या तेलाने तेल थंड करणाऱ्या नळ्यांच्या जोडांवर गंज चढू लागला, म्हणून ते पुन्हा सुधारले. ते प्रयोग पुढे चालूच राहिले आणि दर पिढीत तेल अधिक टिकाऊ झाले. 'आयुष्यभराचे तेल' ही कल्पना याच वाटेवर पुढे आली. ती निव्वळ थाप नव्हती, एवढे मान्य केले पाहिजे.

आमच्याकडे ऑटोमॅटिक गाड्या फार उशिरा आल्या, पण जुन्या भारी गाडीचा गिअरबॉक्स जाणे म्हणजे काय, हे गोव्याला भारताच्या इतर भागांपेक्षा आधी कळले. १९५५ मध्ये भारत सरकारने आर्थिक नाकेबंदी केली तरी मुरगाव बंदर उघडे होते. लोहखनिजाला परदेशी मागणी होती आणि पोर्तुगीज अमदानीत परदेशी मालाच्या आयातीला इथे फारशी आडकाठी नव्हती. मुंबईत गाडीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहत असताना गोव्याच्या रस्त्यांवर जर्मन आणि अमेरिकन गाड्या फिरत होत्या. त्यातली मर्सिडीज १८०-डी ही आम्हा सगळ्यांच्या लहानपणीची टॅक्सी. १९५४ साली निघालेली, १,७६७ सीसीचे डिझेल इंजिन, जेमतेम ४० अश्वशक्ती, स्टिअरिंगच्या बाजूला गिअरची दांडी. सहा-सात माणसे आणि टपावर फणस घेऊन ती धूर सोडत म्हापशाच्या बाजाराला जायची.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि भारताचे आयात धोरण इथेही लागू झाले. मुक्ती हवीच होती, त्याबद्दल दुमत नाही. पण गाड्यांचे सुटे भाग बंद झाले. मग गोव्याचा मेस्त जे करू लागला त्याच्या कथा वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत. झिजलेला दात वेल्डिंगने भरून कानशीने घासायचा. पितळेचा बुश लेथवर कातून घ्यायचा. दोन मेलेल्या गाड्यांतून तिसरी जिवंत करायची. पुढे बजाज टेम्पोने मर्सिडीजच्याच परवान्याखाली बनवलेले डिझेल इंजिन मॅटाडोरमध्ये आले, तेव्हा ते जुन्या मर्सिडीजला बसवलेलेही मी पाहिले आहे. रक्त शेवटी जर्मनच, असे तो टॅक्सीवाला अभिमानाने सांगायचा. हे सगळे शक्य झाले कारण ते गिअरबॉक्स साधे होते. वरचे झाकण काढले की दाते दिसायचे.

१९९० नंतर गोष्ट बदलली. ग्रहमाला त्याच, क्लचप्लेटा त्याच, पण गिअरांची संख्या पाचावर गेली आणि झडपांना हुकूम देणारा संगणक आला. तेल कृत्रिम झाले. भारी गाड्या बनवणाऱ्या युरोपीय कंपन्या तेल बदलायचेच नाही असे सांगू लागल्या. बीएमडब्ल्यू आणि जॅग्वारमध्ये बसणारा जर्मन 'झेडएफ'चा पाच गिअरी बॉक्स घ्या किंवा १९९६ च्या सुमारास आलेला मर्सिडीजचा स्वतःचा पाच गिअरी बॉक्स. मर्सिडीजच्या बॉक्सवर तेलाची नळी होती, पण तिच्या आत पट्टी नव्हती. वरच्या टोपणाला खिळा मारलेला, ते फक्त वर्कशॉपने काढायचे.

कारणे उघड आहेत. गाडी पाळायचा खर्च कागदावर कमी दिसतो. नवख्याने चुकीचे तेल ओतण्याचा धोका टळतो. आणि पहिला मालक सहसा पाच-सहा वर्षांत गाडी बदलतो, त्याला या तेलाचे तोंड कधी पाहावे लागत नाही. ते पाहायचे असते तिसऱ्या मालकाने. भाईकाकांसारख्याने.

यातली गंमत अशी की ज्या झेडएफने तो बॉक्स बनवला, ती कंपनी स्वतः सांगते, ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षे झाली की तेल बदला. गिअरबॉक्स बनवणारा म्हणतो बदला, गाडी बनवणारा म्हणतो नको. मर्सिडीजनेही काही वर्षांनी आपला शब्द फिरवला आणि ६०,००० किलोमीटरला एकदा तेल बदलायला सांगितले. मधल्या काळात ज्यांनी पुस्तकावर विश्वास ठेवला त्यांचे काय, हे कुणी विचारले नाही. त्या मर्सिडीज बॉक्सचा आणखी एक दुखरा भाग सगळ्या मेकॅनिकांना ठाऊक आहे. विजेच्या तारा जिथे आत शिरतात त्या प्लगच्या रबरी रिंगा कडक होतात आणि तेल तारांच्या आतून चढत चढत संगणकापर्यंत पोचते. चार पैशांची रिंग आणि लोक बॉक्स बदलायला निघतात.

आता पुन्हा फणसाखाली. मेस्ताने तीन वाटा सांगितल्या. भंगारात गेलेल्या तशाच गाडीचा बॉक्स आणून बसवणे, हा सगळ्यात स्वस्त उपाय, पण त्या बॉक्समध्येही तेच म्हातारे तेल आणि त्याचेही कोणी पाहिलेले नाही. दुसरी वाट, आहे तोच खोलून बांधणे. तिसरी वाट त्याने बोटाने दाखवली. कुंपणाच्या पलीकडे एक सांगाडा पडला होता.

पैशाच्या हिशेबाने तिसरीच बरोबर. पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, विमा येतो, आणि गाडी जाणार कुठे, तर मावशीला देवळात आणि रविवारी म्हापशाला. मी भावाला तसे स्पष्ट सांगितले. तो म्हणाला, "आईला तू सांग." मी सांगितले नाही. बॉक्स खोलायचे ठरले.

मेस्ताने स्वतः सगळे करायचे धाडस केले नाही, हे मला आवडले. या कामात मुरलेला एकजण बेळगावहून दोन दिवसांसाठी आला. आधी खालचे पात्र सोडले. तेल लाल असायला हवे ते काळ्या काढ्यासारखे आणि करपलेला वास. पात्रात दोन लोहचुंबक असतात, लोखंडाचा कीस पकडायला. त्यावर बारीक काळा लेप असला तर तो वयाचा, त्याची भीती नाही. इथे लेपात चकाकणारे कण होते. मग टेबलावर जुन्या 'गोमन्तक'ची पाने अंथरली आणि एकेक भाग काढला त्या क्रमाने मांडत गेले. सूर्यचाक, ग्रहचाके, कडे, सगळी शाबूत. दाते नव्यासारखे. गेल्या होत्या त्या प्लेटा, एका गठ्ठ्यातल्या. घर्षणाचा थर जळून पत्रा उघडा पडला होता. त्यांना दाबून धरणाऱ्या पिस्टनचे सील दगडासारखे कडक झाले होते, म्हणून दाब गळत होता, म्हणून प्लेटा घसरत होत्या, म्हणून तेल जळत होते. बेळगावकर म्हणाले, "दहा वर्षांपूर्वी कोणी तेल बदललं असतं तर मी इथे आलोच नसतो."

प्लेटा आणि सीलांचा संच मागवला, तो यायला तीन आठवडे. टॉर्क कन्व्हर्टर डब्यासारखा बंद असतो. तो लेथवर कापून, आतून धुऊन, पुन्हा वेल्डिंग करून आणि तोल बघून आणावा लागला. इथे सगळे काम मुंबईला झाले. कोणी म्हणेल, नुसता सुकवून तसाच बसवायचा. तसे केले की आतला सगळा कीस नव्या प्लेटांवर येतो आणि सहा महिन्यांत पुन्हा तेच.

पट्टी नसताना तेल मोजायचे कसे, हे मी मुद्दाम उभे राहून पाहिले. गाडी जॅकवर अगदी सपाट उचलली. इंजिन चालू ठेवून सगळे गिअर एकदा फिरवले. तेल ठरलेल्या कोमट तापमानाला आले की बाजूचे बूच काढायचे. धार आली तर जास्त आहे, काहीच आले नाही तर कमी, थेंब थेंब टपकू लागले की बरोबर. इंजिन बंद ठेवून मोजले तर सगळाच हिशेब चुकतो. चुकणाऱ्यांची संख्या मोठी आहे, असे मेस्त म्हणाला.

खर्च गाडीच्या किमतीहून जास्तच झाला. नेमका आकडा भावाने मावशीला सांगितलेला नाही, म्हणून इथेही लिहीत नाही. बॉनेटच्या आतल्या बाजूला मेस्ताने पांढरी पट्टी चिकटवली आणि मार्करने तारीख, किलोमीटर आणि तेलाचे नाव लिहिले.

पर्वरीचा चढ गाडी आता चढते. रिव्हर्स मात्र सकाळी थंड असताना किंचित उशिरा पडतो. मेस्त म्हणतो, पाचशे किलोमीटर जाऊ द्या, मग बघू.